आमच्या बकुळीचा शेंडा वाचवणाऱ्या भाऊंना

नमस्कार भाऊ,

तुम्ही मोबाईलवर फारसं वाचत नाही, हे माहीत आहे. तुमच्या नातीला सांगून ठेवलंय, ती वाचून दाखवेल. तरी चारचौघांत लिहिते आहे, कारण आपल्या नागपुरात प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, बजाजनगरातल्या जुन्या प्लॉटांवर अशी झाडं पुष्कळ आहेत आणि दरवर्षी कोणीतरी येऊन त्यांचे शेंडे उडवून जातं.

बकुळ सासऱ्यांनी लावलेली. एका अंगाने गच्चीवर रेललेली, दुसऱ्या अंगाने विजेच्या तारांकडे निघालेली, आणि फाटकातून शिरताना पाहुण्यांच्या डोक्याला फांद्या लागायच्या. तुमच्याआधी एक जण पाहून गेला होता. "वरून अर्धं उडवतो, मग काही वर्षं पाहायला नको," म्हणाला. घरात सगळ्यांना ते सोपं वाटत होतं. तुम्ही आलात आणि आरी पिशवीतून काढलीच नाही. झाडाभोवती फिरलात, रस्त्यापलीकडे जाऊन पाहिलंत, चहा घेतलात, मग म्हणालात, "ताई, या झाडाले भादरू नका. शेंडा मारला का पाणसोट फुटते, अन् वादळात तेच पहिले मोडते."

काटोलकडच्या संत्र्याच्या बागांत आयुष्य काढलेल्या माणसाचं ते बोलणं होतं. शेंडा तोडला की कापाखालून सरळसोट फुटवे घाईने वर येतात, तेच पाणसोट. त्यांची पकड वरवरची असते, आणि झाड पूर्वीपेक्षा दाट अन् कमजोर होतं. शिवाय नागपूरचं ऊन! बकुळीच्या आतल्या फांद्या वर्षानुवर्षं सावलीत वाढलेल्या. एकदम उघड्या पडल्या तर मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत त्यांची साल भाजून तडकते. हे तुम्ही सांगेपर्यंत आमच्या कोणाच्या ध्यानातही नव्हतं.

म्हणून तुम्ही वेळ ठरवून दिलीत. तान्हा पोळा, गणपती आटोपू द्या, पावसाची झड थांबू द्या, तेव्हा पाखरांची घरटीही रिकामी झालेली असतात. तोवर महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज द्यायला लावलात. आपल्याच अंगणातल्या झाडाला कसली परवानगी, असं आमच्याकडे म्हणून झालं. पण महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्ष कायद्यात झाड 'तोडणे' या शब्दात त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. तारांजवळची फांदी तर लाईन बंद करून घेतल्याशिवाय तुम्ही हातातही धरली नाहीत.

कामाच्या दिवशी आधी फक्त सल काढलीत. वाळलेलं, किडलेलं, एकमेकांवर घासणारं तेवढंच. निम्मा पसारा तिथेच हलका झाला. मग जाड फांदी. तिला आधी खालून अर्धवट काप, मग जरा पुढे जाऊन वरून, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल ओढून नेत नाही. उरलेला खुंट शेवटी काढलात तो खोडाला अगदी घासून नव्हे. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर वळसा असतो, तो तसाच राखलात. झाड तिथूनच जखम मिटवत आणतं. लांब खुंट ठेवला तर तो कुजतो, आणि वळसाच कापला तर जखम मिटायला फार वेळ लागतो. आमच्या चिरंजीवांनी ऑईलपेंटचा डबा आणून ठेवला होता. तुम्ही तो बाजूला सरकवलात. रंगाखाली ओल कोंडते, म्हणालात. मी बोर्डो पेस्टचं, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या लेपाचं विचारलं, तर हसलात, "ते संत्र्याच्या बुडाले, डिंक्या रोगासाठी."

त्या दिवशी हिरव्या पाल्याचा चौथा हिस्सासुद्धा गेला नसेल. सदाहरित झाडाचं बरंचसं अन्न पानांतच साठलेलं असतं, तेव्हा एका दमात फार घेऊ नये, हे तुमचं म्हणणं. शेजारचे काका तर विचारून गेले, "एवढे पैसे देऊन कापलं काय?" मला तीच तुमच्या कामाची सगळ्यात मोठी पावती वाटली. फाटक मोकळं, गच्चीवर ऊन, विजेच्या तारा फांद्यांपासून मोकळ्या, आणि झाड मात्र जसंच्या तसं.

जाताजाता कोपऱ्यातल्या मोरपंखीवरून माळ्याचा हात आवरलात, तेही विसरले नाही. बकुळ जुन्या लाकडातून फुटते, मोरपंखी फुटत नाही. हिरव्याच्या मागे तपकिरी काडीपर्यंत कात्री गेली की तिथे कायमचं भोक. आता तिचे फक्त कोवळे शेंडे खुडतो. बुडाशी ती उघडी पडली आहे ती पडलीच, त्यापुढे कुंड्या मांडल्यात.

यंदा बकुळीला फुलं नेहमीसारखीच आली, वेचायला शेजारच्या पोरीही येतात. पश्चिमेची वाकडी फांदी तुम्ही पुढच्या खेपेवर ठेवली होती. अर्ज देऊन ठेवते. गणपती झाले की या. मजुरी या वेळी तुम्ही सांगाल ती, मागच्यासारखं "राहू द्या ना ताई" चालणार नाही.

तुमची,
प्रतापनगरची ताई