न घडलेल्या अनर्थाचे श्रेय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जळत्या घरात शिरून मूल बाहेर काढणारा तरुण किंवा वाहत्या पाण्यात उडी घेऊन अनोळखी माणसाला काठावर आणणारी मुलगी यांची बातमी पहिल्या पानावर यावी, हे योग्यच आहे. अशांचे कौतुक करताना हात आखडता घेण्याचे काहीच कारण नाही. परंतु शौर्याची आपली कल्पना या एका प्रकारच्या क्षणाला इतकी जखडली गेली आहे की, ज्यांच्यामुळे आग लागतच नाही, पूल कोसळतच नाही आणि घातक औषध घरात येतच नाही, ती माणसे आपल्या हिशेबातच धरली जात नाहीत. रोजच्या जगण्यातला खरा नायक बहुधा याच माणसांत सापडतो, असे माझे मत आहे आणि त्यासाठीच हा पत्रप्रपंच.

अमेरिकेत १९०४ साली एका कोळशाच्या खाणीत मोठा स्फोट झाला आणि अडकलेल्यांना वाचवायला आत उतरलेले दोघे स्वतःच प्राणाला मुकले. त्यानंतर उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी सामान्य नागरिकांच्या शौर्याची दखल घेणारा एक निधी स्थापन केला, जो आजही अमेरिका आणि कॅनडात सन्मान देतो. दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी स्वतःचा जीव स्वेच्छेने असामान्य धोक्यात घातलेला असावा, ही त्याची मुख्य अट आहे; आणि ज्यांचे कामच जीव वाचवण्याचे आहे, ते कर्तव्याच्या स्पष्टपणे पलीकडे गेल्याखेरीज पात्र ठरत नाहीत. पुरस्कार म्हटला की कुठेतरी रेघ ओढावीच लागते, त्यामुळे त्या नियमांबद्दल माझी तक्रार नाही. गंमत अशी की, कोणताही पुरस्कार द्यायचा नसतानाही आपण सगळे तीच नियमावली मनाशी धरून बसलो आहोत. नेमून दिलेले काम जिवाच्या आकांताने चोख करणाऱ्याला ‘त्यात काय, त्याचा पगार मिळतो की’ असे म्हणून आपण मोकळे होतो.

पगार घेऊन केलेल्या कामाचे एक उदाहरण थोडे तपशिलात सांगतो. फ्रान्सिस ओल्डहॅम केल्सी या १९६० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात नुकत्याच रुजू झाल्या होत्या. थॅलिडोमाइड नावाच्या झोपेच्या औषधाला परवानगी मागणारा अर्ज त्यांच्या टेबलावर आला. हे औषध अनेक देशांत आधीच विकले जात होते आणि गरोदरपणातील मळमळीवरही सर्रास दिले जात होते, त्यामुळे सही ही केवळ औपचारिकता समजली जात होती. तेव्हाच्या कायद्यानुसार प्रशासनाने साठ दिवसांत हरकत घेतली नाही, तर अर्ज आपोआप मंजूर होत असे. म्हणजे केल्सींनी काहीच केले नसते, तरी औषध बाजारात आले असते आणि त्यांना कोणी जाबही विचारला नसता. त्यांनी मात्र सुरक्षिततेचा पुरावा अपुरा आहे, असे लेखी कळवून अर्ज परत पाठवला. नवी माहिती आली, ती वाचून पुन्हा हरकत घेतली. कंपनीची माणसे वारंवार फोन करत, भेटायला येत, वरिष्ठांकडे गाऱ्हाणे मांडत. याच काळात केल्सींच्या वाचनात एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातले पत्र आले. हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या हातापायांना बधिरता येते, असे त्यात म्हटले होते. मज्जातंतूंवर असा परिणाम करणारे औषध पोटातल्या गर्भाला काय करील, हा प्रश्न त्यांनी कंपनीला विचारला. १९६१च्या अखेरीस युरोपातून उत्तर आले. जगभरात दहा हजारांहून अधिक मुले हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली होती. अमेरिकेत चाचणीच्या नावाखाली डॉक्टरांना वाटलेल्या गोळ्यांमुळे काही थोड्या मुलांना झळ बसली. पण औषध दुकानात पोहोचलेच नाही. ऑगस्ट १९६२मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हस्ते केल्सींचा गौरव झाला.

आता क्षणभर अशी कल्पना करा की, बाकी साऱ्या देशांनीही तितकाच सावधपणा दाखवला असता. मग ती हजारो मुले अपंग जन्मली नसती, केल्सींना पदक मिळाले नसते आणि त्या कार्यालयात त्यांची आठवण ‘फाइल अडवून ठेवणारी हेकट बाई’ अशीच राहिली असती. त्यांनी केलेले काम मात्र तंतोतंत तेच असते! टळलेला अनर्थ दिसत नाही. दिसते ती फक्त अनर्थ टाळणाऱ्याने इतरांची केलेली गैरसोय.

यावर कोणी म्हणेल की, नियमावर बोट ठेवून लोकांना हेलपाटे घालायला लावणाराही मग स्वतःला नायक म्हणवून घेईल. शंका रास्त आहे, पण फरक ओळखणे अवघड नाही. अडवणूक करणारा नेमके काय हवे ते कधीच सांगत नाही आणि हवे ते मिळाले की त्याचा नियम विरघळतो. केल्सी मात्र कोणत्या प्रश्नाचे उत्तर अपुरे आहे, ते लिहून देत होत्या.

यश हीसुद्धा नायकत्वाची कसोटी मानू नये. ‘चॅलेंजर’ या अवकाशयानाच्या रॉकेटांतील रबरी कड्यांचा दोष जीवघेणा ठरू शकतो, हे ती रॉकेटे बनवणाऱ्या कंपनीतले अभियंते रॉजर बोजले यांनी १९८५च्या जुलैतच लेखी कळवले होते. थंडीत त्या कड्या नीट काम करणार नाहीत, म्हणून २७ जानेवारी १९८६च्या रात्री त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उड्डाण थांबवण्यासाठी परोपरीने सांगून पाहिले. कंपनीच्या वरिष्ठांनी अखेर त्यांचे मत बाजूला सारले. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान फुटले आणि सातही अंतराळवीर मरण पावले. चौकशीत खरे सांगितल्यावर बोजले कंपनीत एकटे पडले आणि त्यांना नोकरी सोडावी लागली. त्यांना एकही जीव वाचवता आला नाही, म्हणून केल्सींपेक्षा त्यांचे माप उणे ठरते, असे मला तरी म्हणवत नाही.

असे बोलणारे थोडे का असतात, याचे उत्तर भित्रेपणा असे एका शब्दात देऊन चालणार नाही. जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या खोल्यांत बसून माइकवरून बोलणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी एकाला अचानक फेफरे आल्याचा आवाज ऐकवला गेला. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत, असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यातील ८५ टक्के तो आवाज बंद पडण्याआधीच मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकत आहेत, असे वाटणाऱ्यांपैकी मात्र ३१ टक्केच उठले. जे उठले नाहीत, त्यांच्यातही अनेकांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता. म्हणजे कळवळा होता. पण हे काम आपले, असे कोणालाच वाटले नाही. ज्याला वाटते तो माणूस वेगळ्या मातीचा असतो असे नाही, बऱ्याचदा तो फक्त आधी तयारी केलेला असतो. हृदय बंद पडलेल्या प्रौढाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायचा असतो, हे एखाद्या रिकाम्या दुपारी शिकून ठेवलेला माणूस गर्दीतून पुढे होतो. बाकीचे मोबाइल काढतात.

याहून शांत, पण त्याहून लांब पल्ल्याचे एक धैर्य असते. ऑस्ट्रेलियातील जेम्स हॅरिसन यांच्या रक्तद्रवात एक दुर्मीळ प्रतिपिंड होते. ज्या मातांच्या रक्तगटामुळे पोटातल्या बाळाला धोका असतो, त्यांच्यासाठीचे इंजेक्शन त्यापासून बनते. त्यांनी १९५४ ते २०१८ या काळात ११७३ वेळा दान केले. सुईची त्यांना भीती वाटे. टोचताना ते कधीच तिकडे पाहत नसत. यात एकही प्रसंग असा नाही, ज्याचा फोटो पहिल्या पानावर शोभला असता.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी शुश्रूषा करणाऱ्यांचेही तसेच. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. टाच गादीला घासू नये म्हणून पोटरीखाली उशी सरकवायची. पाठीवरचा लालसर डाग बोटाने दाबून तो पांढरा पडतो का, ते पाहायचे. हे सारे बिनबोभाट जमले, तर त्याचे फळ इतकेच, की पाठीला जखम होत नाही. भेटायला येणारे रुग्णाची तब्येत विचारतात आणि निघून जातात.

मात्र अशांना नुसते नायक म्हणणे, ही अनेकदा आपलीच सोय असते. २०२०च्या साथीत अनेक देशांत आरोग्यसेवकांसाठी टाळ्या वाजल्या. टाळ्यांनी कोणाचे कामाचे तास कमी झाले नाहीत. देव्हाऱ्यात बसवलेल्या माणसाने थकायचे नसते आणि पगारवाढ मागायची नसते, हा आपला समज फार जुना आहे. शुश्रूषा करणाऱ्याला एका रात्रीची सुट्टी मिळावी म्हणून स्वतः येऊन बसणारा नातेवाईक मला हारतुऱ्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

वृत्तपत्राकडून माझी अपेक्षा मोजकी आहे. एखादी मोठी दुर्घटना घडली की, आधी कोणी इशारा दिला होता का, तो कोणाच्या टेबलावर पडून राहिला आणि तो देणाऱ्याचे पुढे काय झाले, याचा पाठपुरावा बातमीदारांनी अवश्य करावा. तसेच, तपासणीत दोष सापडल्यामुळे एखादा पूल, जत्रेतला पाळणा किंवा औषधाचा साठा वेळीच वापरातून काढला गेला, तर ती बातमी निव्वळ ‘नागरिकांची गैरसोय’ या मथळ्याखाली न देता, दोष काय होता आणि तो कोणत्या पदावरच्या व्यक्तीने शोधला, हेही छापावे. त्याला आतल्या पानावरचा एक स्तंभही पुरेल.

आपला,
एक नियमित वाचक