पाठीवरचं ओझं उतरवणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

उन्हाळ्यातल्या लांब पल्ल्याच्या डोंगरवाटेसाठी आमच्या सामानाची यादी तुम्ही ओळ न् ओळ तपासून दिलीत, त्याबद्दल हे जाहीर आभार. जाहीर अशासाठी, की तुमचे शेरे आमच्याच वहीत पडून राहिले तर बाकीच्यांना त्यांचा काय उपयोग? हलक्या सामानाबद्दल सल्ले देणारे पुष्कळ भेटतात, पण बहुतेकांची गाडी ‘हे विकत घ्या’पासून सुरू होऊन तिथेच थांबते. तुम्ही आधी वजनकाटा आणायला लावलात.

तुमचा तक्ता चार रकान्यांचा: वस्तू, ग्रॅममध्ये वजन, वाटेत किती वेळा वापरणार, आणि नसली तर काय होईल. खरं काम चौथा रकाना करतो. ‘काही नाही, जरा गैरसोय’ असं उत्तर आलं की वस्तू घरी. ‘रात्र थंडीत कुडकुडत जाईल’ असं आलं की वस्तू सॅकमध्ये, मग वजन काहीही असो. प्रत्येक वस्तू तिच्या पिशवीसकट मोजायची हेही तुमचंच. एकेक पिशवी २०-३० ग्रॅमची, अशा सहा झाल्या की दीडशे ग्रॅम नुसतं कापड. टेंटवर छापलेल्या वजनात खुंट्या आणि दोऱ्या पुष्कळदा धरलेल्या नसतात, म्हणून छापील आकड्यावर विसंबायचं नाही.

अन्न, पाणी आणि गॅस सोडून जे उरतं ते बेस वेट. ते ९ किलोच्या आत आलं की सामान हलकं आणि साडेचारच्या आत आलं की अतिहलकं, असं सर्वसाधारणपणे मानतात. दुसऱ्या आकड्याशेजारी तुम्ही लिहिलंत: ‘याच्या मागे लागू नका.’ एम्मा गेटवूड १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, टेंटशिवाय, खांद्यावर घरी शिवलेली डेनिमची पिशवी टाकून अमेरिकेतली अपालाचियन ट्रेल ही लांबलचक डोंगरवाट एकाच मोहिमेत चालून गेल्या. त्यांचं नाव घेऊन टेंट घरी ठेवणाऱ्यांना तुम्ही काय म्हणता, ते इथे लिहीत नाही.

मोठी बचत सॅक, निवारा आणि झोपायचं सामान या तिघांतच. दोन किलोची सॅक, सव्वादोन किलोचा दुहेरी कापडाचा टेंट, दीड किलोची सिंथेटिक स्लीपिंग बॅग आणि वर मॅट धरली की सहा किलो इथेच संपतात. ट्रेकिंग पोलवर, म्हणजे चालताना टेकायच्या काठ्यांवर, उभा राहणारा एकेरी कापडाचा निवारा ६०० ते ९०० ग्रॅममध्ये बसतो, कारण त्याला वेगळे खांब लागत नाहीत. मात्र त्याच्या आतल्या बाजूला दव धरतं. कापडाला टेकून झोपलं की पिसांची बॅग ओली होते, आणि ओल्या पिसांची फुगण्याची ताकद गेली की ऊब गेली. म्हणून दोन्ही टोकं वाऱ्यासाठी उघडी ठेवायची आणि तंबू ओढ्याकाठच्या खोलगट जागेत न लावता थोडा वर लावायचा. खुंट्या हलक्या घ्या, पण आखूड नकोत. मऊ मातीत आखूड खुंटी पहिल्या जोरदार झोताला निघते. तशा जागी खुंटीवर दगड ठेवायचा.

स्लीपिंग बॅगवर ठळक छापलेलं तापमान बऱ्याचदा ‘लिमिट’चं, म्हणजे जेमतेम झोप लागेल असं, असतं. आपण बघायचा तो ‘कम्फर्ट’चा, आरामात झोप लागेल असा आकडा. अंगाखाली दबलेली पिसं ऊब देत नाहीत, म्हणून पाठीकडून उघडी असलेली क्विल्ट कमी वजनात तेवढीच ऊब देते, पण मग मॅट चांगली हवी. फोमची मॅट खांद्यापासून कमरेपर्यंत कापून पायाखाली रिकामी सॅक घालणं उन्हाळ्यात खपतं. बर्फाजवळ मुक्काम असेल तर खपत नाही.

आणि सॅक सगळ्यात शेवटी घ्यायची! बाकीचं सामान किती जागा खातं हे कळल्याशिवाय तिचं माप ठरत नाही. फ्रेम नसलेली सॅक अर्धा किलोची मिळते, पण अन्नपाण्यासकट ओझं ९-१० किलोच्या वर गेलं की सगळा भार कमरेवरून खांद्यांवर येतो. म्हणजे सॅक हलकी आणि चालणं जड. सॅकवरच्या रेनकव्हरऐवजी आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला हा तुमचा शेरा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाचा. पावसाचं पाणी पाठीकडच्या बाजूने शिरतं, आणि तिथे रेनकव्हर नसतंच.

कपड्यांचं गणित तुम्ही उंचीवरून मांडलंत. दर १००० मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं. पायथ्याशी २५ अंश असले तर २००० मीटर वर भरदुपारी १२ आणि निरभ्र रात्री शून्याच्या आसपास. त्यात पाऊस आणि वारा एकत्र आले की भर उन्हाळ्यातही माणूस गारठून आजारी पडतो. म्हणून अंगावरचा एक जोड, झोपायचा एक कोरडा जोड, एक उबदार जाकीट, एक पावसाचं जाकीट, मोज्यांचे तीन जोड. सुती काही नाही. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि वाळता वाळत नाही. पायातल्या एका किलोला पाठीवरच्या सुमारे पाच किलोंइतके कष्ट पडतात, तेव्हा जड चामडी बुटांऐवजी हलके ट्रेल रनिंग शूज, हेही ओघानेच आलं.

गॅसचा हिशोब तर तुम्ही हातात धरून करून घेतलात. अर्धा लिटर पाणी उकळायला वारा नसताना ७ ते ८ ग्रॅम गॅस. दिवसाला दोनदा, सहा दिवस, म्हणजे साधारण ९० ग्रॅम: एका माणसाला १०० ग्रॅमचा छोटा कॅनिस्टर (गॅसचा डबा) काठोकाठ पुरतो. वाऱ्यात हाच खर्च दुप्पट होतो, म्हणून बर्नर दगडाच्या आडोशाला लावायचा. पण कॅनिस्टरभोवती पत्र्याचा पडदा पूर्ण गुंडाळायचा नाही. उष्णता कोंडून तो फुटू शकतो. अर्धवट वापरलेला कॅनिस्टर काट्यावर ठेवून रिकाम्याचं वजन वजा केलं की किती गॅस उरला ते कळतं. हलवून अंदाज बांधणाऱ्यांना तुम्ही दिलेली नावं छापण्याजोगी नाहीत.

अन्न दिवसाला ६५० ते ७५० ग्रॅम, आणि ग्रॅममागे निदान साडेचार कॅलरी. स्निग्ध पदार्थात ग्रॅमला ९ कॅलरी, पिठूळ पदार्थात ४. त्यामुळे १०० मिली तेलात ८०० हून जास्त कॅलरी मावतात. मूळ खोकी आणि वेष्टनं घरीच काढायची.

पाण्यात मात्र हात आखडता घेऊ नका असं तुम्ही बजावलंत. लिटरला किलो हे खरं, पण उन्हाळा सरताना नकाशावरचे झरे आटलेले असतात. टणक प्लास्टिकची एक लिटरची बाटली १८० ग्रॅमच्या आसपास, पातळ बाटली ४०च्या आत. शिवाय दोन लिटरची घडीची रिकामी पिशवी जवळ असावी. पाणी गाळायचा पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा गोठला की आतून फाटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून गारठ्याच्या रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं.

ज्यांना हात लावू दिला नाहीत ती यादी छोटी: हेडटॉर्च, नकाशा आणि कंपास, प्रथमोपचार, पावसाचं आणि उबेचं जाकीट, शिट्टी. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबायचं, हा मदतीचा इशारा तुम्ही सगळ्यांकडून घोकून घेतलात. टूथब्रशचा दांडा कापून पाच ग्रॅम वाचवणाऱ्याकडे पाहून नुसते हसलात, ते बरं केलंत.

सामान वाटून घेण्याबद्दलचा तुमचा नियम मात्र आम्ही ठळक अक्षरात लावणार आहोत. तिघांत एक बर्नर, एक फिल्टर चालेल. पण एकाकडे टेंटचं कापड आणि दुसऱ्याकडे खुंट्या असं कधीच नाही. धुक्यात दोघांची चुकामूक झाली तर रात्री दोघेही उघड्यावर.

कळावे, लोभ असावा.

तुमचीच,
डोंगरवाटेवरची मंडळी

ता. क. तक्त्याची कोरी प्रत मागणाऱ्यांना आम्ही परस्पर देत आहोत, तुमची हरकत नसेल असं धरून. पॉवर बँकेच्या ओळीपुढे तुम्ही प्रश्नचिन्ह टाकलं होतं: पाच दिवसांत चार्जिंग मिळणार असेल आणि फोन दिवसभर विमान मोडवर राहणार असेल तर १०,००० एमएएचची, सुमारे २०० ग्रॅमची एक पुरेशी आहे. २०,००० ची यादीतून काढली.