ताप उतरला तरी अंथरूण सोडू नकोस

पुणे,
१४ सप्टेंबर

प्रिय मंदार,

वहिनींचा फोन आला होता. डेंग्यू निघालाय, आज चौथा दिवस, सकाळपासून ताप नाही आणि तू सोमवारी कामावर जायचं म्हणतोयस. ते डोक्यातून काढून टाक. हे पत्र वहिनींनाही वाचायला दे.

डेंग्यूत ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात उतरतो आणि त्यानंतरचे २४ ते ४८ तास सर्वांत जोखमीचे असतात. रक्तवाहिन्यांतून रक्तातला पातळ भाग बाहेर झिरपतो, रक्त दाट होतं, रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून नुसत्या प्लेटलेटकडे डोळे लावून बसू नका, रिपोर्टमधला पीसीव्हीही बघा, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के, तो आकडा. रक्त दाट झालं की तो वाढतो. प्लेटलेट उतरतायत आणि पीसीव्ही चढतोय, ही जोडी दिसली की डॉक्टरांना लगेच दाखवायचं. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट १०,००० च्या खाली जाईपर्यंत सहसा त्या चढवत नाहीत, तेव्हा आकडा ५०,००० वर आला म्हणून पिशव्यांसाठी धावाधाव नको. पपईच्या पानांच्या रसाच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. तो कडू रस पिऊन उलट्या झाल्या तर अंगातलं पाणी आणखी कमी होतं.

पोटात जोराचं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्या किंवा नाकातून रक्त, काळी शी, गार पडलेले हातपाय, धाप, खूप ग्लानी किंवा तळमळ: यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.

ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात कालवायचं. अर्ध्या ग्लासात अर्धं पाकीट असले प्रकार नकोत, मिठाचं प्रमाण बिघडतं. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. गटागटा प्यायलं तर उलटून पडेल, म्हणून दर १०-१५ मिनिटांनी दोन-चार घोट घे. जोडीला पेज, ताक, शहाळं, मुगाचं पातळ वरण. बीट आणि कोकम सध्या नको, उलटीत किंवा शीत लाल दिसलं तर रक्त की जेवण ते कळत नाही. दर चार-सहा तासांनी लघवी होतेय ना, एवढं वहिनींनी कागदावर लिहून ठेवावं. पाणी पुरतंय की नाही याची घरच्या घरी होणारी सर्वांत चांगली तपासणी हीच.

ताप परत आला तर फक्त पॅरासिटामॉल, ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर. अंगदुखीवर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन घेऊ नकोस, त्यांनी रक्तस्राव वाढतो. कंपाउंडरकडून कमरेत इंजेक्शनही नको.

आता विश्रांतीचं. उठताना आधी कुशीवर वळ, मग पाय खाली सोडून मिनिटभर बस, मग उभा राहा. या आजारात बाथरूममध्ये चक्कर येऊन पडणारे फार असतात, तेव्हा आत स्टूल ठेव, कडी लावू नकोस. दात मऊ ब्रशने घास, दाढी आठवडाभर राहू दे. भेटायला येणाऱ्यांना वहिनींनी दारातूनच परत पाठवावं, ते तुला जमणार नाही.

सातव्या-आठव्या दिवशी अंगावर लाल पुरळ येऊन तळहात-तळपाय खाजू शकतात. तो बहुधा उताराचा पुरळ असतो, घाबरू नकोस. खरा त्रास थकव्याचा, तो काही आठवडे राहतो. आधी घरातल्या घरात चाल, मग १० मिनिटं खाली. दुसऱ्या दिवशी जास्त गळल्यासारखं वाटलं तर आदल्या दिवशीच्या निम्म्यावर ये. ‘आज बरं वाटतंय’ म्हणून आठवड्याची तुंबलेली कामं एका दिवसात उरकणारे पुढचे दोन दिवस पुन्हा आडवे होतात. ऑफिस सुरू करशील तेव्हा पहिला आठवडा अर्धा दिवसच जा. जिम महिनाभर बंद. दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागले तर तेही तापामागून येणारं आहे, बहुतेकांचे परत येतात.

अजून एक-दोन दिवस दिवसाही मच्छरदाणीत झोप. तुला चावलेला डास पुढे काकूंना आणि चिनूला चावायला नको.

उद्याचा रिपोर्ट आला की प्लेटलेट आणि पीसीव्ही, दोन्ही आकडे कळव. काकूंना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत