उंदराची किडनी आणि आपली

महोदय,

हळद, आवळा, पुनर्नवा यांतील अँटिऑक्सिडंट किडनी वाचवतात, असे मजकूर हल्ली आरोग्यविषयक पानांवर सर्रास दिसतात. मूळ मुद्दा खोटा नाही. सिस्प्लॅटिन हे कॅन्सरवरचे औषध किडनीच्या सूक्ष्म नलिकांतील पेशींमध्ये साचते आणि तिथे ऑक्सिडेशनची इजा करते. सोबत हळदीतले कर्क्युमिन दिल्यास ही इजा कमी होते, हे प्रयोगशाळेतील उंदरांवर वारंवार दिसले आहे. पण उंदीर तो उंदीर! वनस्पतींतील ओलिअ‍ॅनॉलिक आम्लाच्या धर्तीवर बनवलेले बार्डोक्सोलोन हे औषध शरीराची स्वतःची अँटिऑक्सिडंट यंत्रणा जागी करते. मधुमेही किडनीरुग्णांवरील त्याची मोठी चाचणी मात्र २०१२ मध्ये थांबवावी लागली. हार्ट फेल्युअरचे प्रमाण वाढले होते.

फोडणीतल्या चिमूटभर हळदीबद्दल कोणाचीच तक्रार नाही. प्रश्न आहे तो रक्तातले क्रिएटिनिन (किडनी मंदावल्याची खूण) आधीच वाढलेल्या माणसाने रोज अनोशापोटी पेलाभर रस रिचवण्याचा. फळांच्या रसातले पोटॅशियम अशा किडनीला नीट बाहेर टाकता येत नाही. ‘क’ जीवनसत्त्वाचा अतिरेक किडनीत साचून इजा करणारे ऑक्झलेट वाढवतो. कमरख म्हणजे स्टार फ्रूट तर अशा रुग्णांना विषासारखे बाधते: आधी न थांबणारी उचकी, मग आकडी. तेही ‘नैसर्गिक’च, आणि अँटिऑक्सिडंटयुक्तही.

असे लेख छापताना प्रयोग उंदरांवरचा की माणसांवरचा, हे शीर्षकातच सांगावे, आणि किडनीरुग्णांसाठी वेगळी चौकट द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा