आय खानूमची नाणी आणि आमचा नाणेघाट

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत अफगाणिस्तानातल्या आय खानूम या प्राचीन ग्रीक शहरावरचा लेख वाचला. नाट्यगृह आले, व्यायामशाळा आली, नक्षीदार खांबही आले. नाणी मात्र राहिली. ३१ वर्षे बँकेत रोखपाल म्हणून काढलेल्या माणसाला हे खटकणारच.

अमुदर्या आणि कोकचा नद्यांच्या संगमावरचे हे शहर १९६१ मध्ये राजे जाहीर शाह शिकारीला गेले तेव्हा उजेडात आले. पुढे पॉल बर्नार यांच्या फ्रेंच पथकाने १९७८ पर्यंत तिथे खोदकाम केले. १९७० मध्ये या पथकाला अगाथोक्लीस राजाची सहा चांदीची नाणी मिळाली, सोबत भारतीय आहत नाणी, म्हणजे चांदीच्या तुकड्यांवर ठसे मारून केलेली, सहाशेहून जास्त. काळ इसवी सनापूर्वी दुसरे शतक. राजा ग्रीक, पण नाणे आपल्याकडच्यासारखे चौकोनी. एका बाजूला ग्रीक अक्षरे आणि मुसळ-नांगर घेतलेला संकर्षण, म्हणजे बलराम. दुसऱ्या बाजूला ब्राह्मी अक्षरे आणि शंख-चक्र घेतलेला वासुदेव. शेतकऱ्याच्या घरात वाढल्यामुळे असेल, पण माझी नजर अजून त्या नांगरावरच अडते.

मी जुन्नरचा. नाणेघाटात शाळेच्या सहलीपासून कितीदा गेलो, मोजलेले नाही. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. आरंभी देवांना नमन आहे, त्यात ‘संकंसन-वासुदेव’, म्हणजे संकर्षण-वासुदेव, ही जोडी येते. थोरला आधी, धाकटा नंतर. नाणी आधीची, लेख त्यानंतर साधारण शतकभराने कोरलेला. म्हणून ‘ग्रीक संस्कृती पूर्वेला पोहोचली’ हे लेखातले वाक्य मला अर्धेच वाटते. अमुदर्येच्या काठी ग्रीक राजाच्या नाण्यावर आपले देव होते, त्याचे काय?

त्याच शहरात क्लेआर्कोस नावाच्या माणसाने ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवळातली वचने काळजीपूर्वक उतरवून आणून दगडावर कोरवली होती. लहानपणी नीट वागावे, तारुण्यात स्वतःला आवरावे, म्हातारपणी चांगला सल्ला द्यावा, अशा अर्थाची. माझे वय तिसऱ्या वचनाचे आहे, म्हणून हे पत्र.

आणखी एक. फ्रेंच पथक गेल्यावर, युद्धाच्या वर्षांत चोरांनी ते शहर खड्डे खणून पोखरले. मध्यंतरी एका नाणे प्रदर्शनात एका विक्रेत्याने मला ‘बॅक्ट्रियाचा माल’, म्हणजे आय खानूमच्याच प्रदेशातला, म्हणून एक चौकोनी नाणे दाखवले. कुठून आणले, असे विचारले तर नुसता हसला. खोटे बोलत नाही, हात लगेच मागे आला नाही. पण नाणे परत ठेवले.

पुन्हा या शहरावर लिहाल तेव्हा अगाथोक्लीसच्या नाण्याचे छायाचित्र जरूर छापा, आणि दोन्ही बाजूंचे.

– एक निवृत्त रोखपाल, जुन्नर