जुमाऱ्याच्या शेल खडकातली मिटलेली शिंप

दादर, मुंबई

प्रिय शिरीष,
सप्रेम नमस्कार.

कच्छातल्या जुमाऱ्याच्या डोंगरावर तुला सापडलेल्या दगडातल्या शिंपेचे फोटो मोठे करकरून पाहिले. "ही तिसरीच ना रे?" असं विचारलंयस, म्हणजे आपण खातो ती शिंपली. नाही! हा ब्रॅकिओपॉड, दोन शिंपांत राहणारा समुद्री प्राणी. तिसरी मृदुकाय प्राण्यांतली, याचा प्राणिसंघच निराळा.

चोचीपासून, म्हणजे शिंपेच्या टोकापासून, समोरच्या कडेपर्यंत मधोमध रेघ आहे असं समज. एकाच शिंपेचे डावे-उजवे भाग जुळतात, बघ. तिसरीत तसं होत नाही, तिथे दोन शिंपा एकमेकींसारख्या असतात. ब्रॅकिओपॉडच्या शिंपा वर-खाली, त्यातली एक मोठी. मोठीच्या चोचीशी भोक दिसतंय ना? त्यातून देठ बाहेर यायचा आणि प्राणी तळाला धरून राहायचा.

पण मला खरं वेड लावलंय ते त्याच्या मिटलेपणानं. तिसऱ्या शिजल्या की उघडतात, कारण सांध्यातला लवचीक पट्टा त्यांना सतत उघडू पाहतो आणि स्नायू फक्त मिटून धरतात. तुझ्या दगडातल्याला उघडायलाही स्नायूच लागत. मेल्यावर उघडणार कोण? तसाच चिखलात गाडला गेला आणि सुमारे १६ कोटी वर्षांनी तुला मिटलेलाच सापडला. शिरीष, मला तर हे वाचून झाल्यावरही झोप आली नाही.

त्याआधी, २५ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन या भूशास्त्रीय कालखंडाच्या अखेरीस समुद्रातल्या बहुतेक जाती संपल्या. ब्रॅकिओपॉडांचं राज्य तेव्हाच गेलं, पुढे तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांचं आलं. तुझा हा त्यातून तगलेल्यांचा वंशज.

मुंबईत मात्र शोधू नकोस. वरळीच्या शेलमध्ये, म्हणजे चिखलापासून बनलेल्या पापुद्र्यांच्या खडकात, बेडकांचे जीवाश्म सापडले, इंग्रज जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेनने १८४७ साली त्यांचं वर्णन केलं. लाव्हाच्या दोन थरांमधल्या गोड्या पाण्याच्या तळ्यातले ते. ब्रॅकिओपॉड खाऱ्या पाण्याबाहेर राहतच नाही. तिन्ही बाजूंना समुद्र असलेल्या या शहराच्या शेलमध्ये समुद्र नाही, आणि तुझ्या रखरखीत कच्छात आहे!

पुढच्या खेपेला हातोडी नेऊ नकोस. पावसाने सुटे झालेलेच बघ, शेजारी रुपया ठेवून बाजूनेही फोटो काढ. कुठल्या थरात होता, जवळ अमोनाइट (गुंडाळलेल्या शंखाचे समुद्री जीव) होते का, तेही वहीत टिपून ठेव. थर माहीत नसलेला जीवाश्म अर्धाच बोलतो. आणि दगड तिथेच राहू दे, मी दिवाळीत येतोय.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मकरंद