समुद्राला उसंत मिळते, वहाळाला का नाही?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १ जूनला यांत्रिक नौकांची समुद्रातील मासेमारी बंद होते आणि ३१ जुलैपर्यंतच्या ६१ दिवसांत बंदरात शाकारून ठेवलेल्या होड्यांची छायाचित्रे सर्वच वृत्तपत्रांतून येतात. प्रजननाच्या काळात मासळीला उसंत मिळावी, हे त्यामागचे कारण किनाऱ्यावरच्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मात्र किनाऱ्यापासून दोन-चार मैल आत, आमच्या तळ्यांत आणि वहाळांत (ओढ्यांत), नेमक्या याच दिवसांत गाभोळीने (अंड्यांनी) भरलेल्या माशांची जी सरसकट कत्तल चालते, तिच्याविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. उलट समुद्रातील मासळी महागल्यामुळे गोड्या पाण्यातील मासळीला याच दोन महिन्यांत अधिक गिऱ्हाईक मिळते.

मृगाचा पाऊस दोन-तीन दिवस लागून राहिला आणि कोरड्या पडलेल्या वहाळांतून गढूळ पाणी धावू लागले की, उन्हाळाभर तळ्यात किंवा नदीच्या कोंडीत (डोहात) तग धरून राहिलेले मळये, खवळे, शेंगटी असे मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर निघतात. सिंधुदुर्गात आम्ही त्यांना चढणीचे मासे म्हणतो, उत्तर कोकणात ते वळगणीचे मासे होतात. नुकत्याच भरलेल्या भाताच्या कुणग्यांत (खाचरांत) पाणी उथळ असते, पिल्लांना पुरेल इतके बारीक खाद्य त्यात तयार होते आणि मोठे भक्षक मासे तेथवर सहसा पोहोचत नाहीत, म्हणून अंडी घालण्यासाठी त्यांना ती जागा हवी असते. पिल्ले तेथेच वाढतात आणि पुढे पाणी ओसरू लागले की त्याच वाटेने तळ्यात उतरतात. तळ्याचे बियाणे असे शेतात तयार होते. मादी पोटात गाभोळी घेऊन गुडघाभर पाण्यातून वर सरकत असते त्या रात्री आपण मात्र बॅटरी आणि कोयती घेऊन बांधावर उभे असतो.

आपण, असे मी मुद्दाम लिहिले आहे. लहानपणी चुडीच्या (पेटवलेल्या झावळीच्या) उजेडात वडिलांच्या मागे वहाळात उतरण्याची वाट मी वर्षभर पाहत असे आणि तिरफळे घालून केलेले चढणीच्या माशांचे तिखले मला आजही वर्ज्य नाही. परंतु चुडीच्या उजेडात आणि एखाद्या पागेरात (फेकजाळ्यात) जेवढे येई तेवढेच घरी जाई. बाकीचे मासे वर निघून जात. आता इन्व्हर्टरला तारा जोडून पाण्यात करंट सोडला जातो. त्यात मोठ्या माशाबरोबर बोटभर पिल्ले, खेकडे आणि बेडूकही उलटे होतात, आणि त्यातले जेवढे पिशवीत भरण्याजोगे असते तेवढे उचलून बाकीचे तसेच टाकून दिले जाते. गेल्या पावसाळ्यात आमच्या वाडीच्या तळ्याच्या सांडव्याखाली दुसऱ्या दिवशी सकाळी जे दृश्य दिसले, त्यानंतर हे पत्र लिहिण्याचे टाळणे मला जमले नाही. उन्हाळ्यात कोंडीत ब्लीचिंग पावडर कालवणारे वेगळेच. पूर्वी गेळाची विषारी फळे ठेचून टाकत, हे खरे आहे. म्हणून ते योग्य होते असे मी म्हणत नाही.

मरळीचे उदाहरण येथे द्यायला हवे. हा मासा आपल्या पिल्लांची राखण करतो. तांबूस पिल्लांचा पुंजका पाण्याच्या वरच्या थरात फिरत असतो आणि त्याच्या खालीच आई-बाप असतात. पुंजका दिसला की तेथेच गरी टाकायची, ही युक्ती आमच्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. राखणदार निघून गेला की तो पुंजका दोन दिवसांत इतर माशांच्या पोटात जातो.

सुरुंगाने किंवा विषाने मासे मारण्यास मनाई करणारा कायदा देशात १८९७ साली झाला आणि महाराष्ट्राने १९६० साली मत्स्यव्यवसायाचा स्वतःचा अधिनियम केला. तेव्हा कायदा नाही ही सबब चालणार नाही. वहाळापर्यंत तो पोहोचत नाही, एवढेच. दुसरीकडे तळ्यांत कटला, रोहू आणि मृगळ यांचे बीज सोडण्याचे कार्यक्रम उत्साहाने होतात. हे मुळात गंगेच्या खोऱ्यातील मासे असून साचलेल्या तळ्यात ते आपसूक प्रजनन करत नाहीत. १९५७ साली हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात अंतःस्रावाचे इंजेक्शन देऊन त्यांची अंडी मिळवण्याचा प्रयोग यशस्वी केला, म्हणून त्यांचे बीज आज उपलब्ध होते आणि ते पुनःपुन्हा विकत आणून सोडावे लागते. मत्स्यसंस्थांच्या उत्पन्नासाठी ते आवश्यक असेल, माझी त्याला हरकत नाही. पण जो मासा काहीही खर्च न मागता स्वतःचे बीज स्वतः तयार करतो, त्याची वाट अडवायची आणि मग तळी ओस पडली म्हणून बीजासाठी अनुदान मागायचे, हा व्यवहार मला समजत नाही.

मासे राखणे कोकणाला नवीनही नाही. महाड तालुक्यात वाळण कोंड येथे वरदायिनी देवीच्या कोंडीतील महाशीर मासे देवाचे म्हणून कोणी मारत नाही. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळ २०२० साली नव्याने नोंदल्या गेलेल्या माशाचा अधिवास शासनाने २०२१ साली जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केला. आमच्या मळयांना देवीही नाही आणि शास्त्रीय कौतुकही नाही.

माझी मागणी संपूर्ण बंदीची नाही, कारण ती कोणी पाळणार नाही आणि ज्यांच्या घरी या दिवसांत वहाळाशिवाय दुसरे कालवण नसते त्यांच्यावर ती अन्यायाची होईल. चढण सुरू झाल्यापासून पहिल्या आठ रात्री वहाळात कोणी उतरू नये, त्यानंतरही जाळे किंवा बांबूचा सापळा प्रवाहाच्या अर्ध्या रुंदीपुरताच लावावा आणि करंट लावणाऱ्याचे साहित्य जप्त व्हावे, असा ठराव मे महिन्यातच ग्रामसभेने करावा. रस्त्याखालच्या मोऱ्यांचे पाइप वहाळाच्या तळापासून हात-दीड हात उंच बसवले जातात, त्यामुळे मासे वर चढू न शकता खाली गोळा होतात आणि आयते सापडतात; ते पाइप तळाशी समपातळीत बसवण्यास जादा खर्च येत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जी समिती असायला हवी, तिने आपल्या गावात कोणते मासे कोणत्या वहाळाने आणि केव्हा चढतात याची नोंद ठेवावी. ही माहिती आज केवळ साठीच्या पुढील माणसांकडे उरली आहे.

आठ रात्री कोण थांबणार, असे मला विचारले जाते. गावपळणीला, म्हणजे देवाच्या कौलाने गाव रिकामे करण्याच्या प्रथेत, अख्खे आचरे गाव गुराढोरांसह तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहते, तेथे पोलीस उभे करावे लागत नाहीत. ठरावाबरोबर ग्रामदेवतेसमोर एक गाऱ्हाणेही (सामूहिक प्रार्थना) घालावे, असे मी आमच्या गावकरांना (देवस्थानच्या मानकऱ्यांना) सुचवले आहे. त्यांनी अद्याप होकार दिलेला नाही.

आपला विश्वासू,
एक शेतकरी वाचक,
तालुका कुडाळ, जिल्हा सिंधुदुर्ग